'लीव्ह'चे तीन विरोध : निघणे आणि सोडणे सांगणाऱ्या इंग्रजी वाक्प्रयोगांच्या विरुद्धार्थांची चिकित्सा

सारांश : निघणे, सोडणे, निरोप घेणे हे अर्थ व्यक्त करणारे वाक्प्रयोग इंग्रजीत विपुल आहेत. अध्यापनात व परीक्षांत त्यांचे विरुद्धार्थ बहुधा संदर्भाविना, जोड्यांच्या यादीच्या रूपात दिले जातात. सोडून जाण्याच्या प्रत्येक घटनेत जाणारा, तो ज्या ठिकाणाहून जातो ते ठिकाण आणि मागे राहणारी व्यक्ती अथवा वस्तू असे तीन घटक असतात. वाक्याचा भर यांपैकी ज्या घटकावर असेल त्यानुसार विरुद्धार्थ बदलतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्या आधारे प्रचलित प्रश्नपद्धतीची चिकित्सा करून काही सूचना मांडल्या आहेत.

बीजशब्द : विरुद्धार्थ, वाक्प्रयोग, फ्रेझल व्हर्ब, दिशात्मक विरोध, इंग्रजी अध्यापन, मूल्यमापन.

प्रस्तावना

विरुद्धार्थी शब्द हा घटक इंग्रजीच्या अध्यापनात शालेय स्तरापासून पदवी स्तरापर्यंत सातत्याने येतो. 'हॉट' आणि 'कोल्ड', 'बिग' आणि 'स्मॉल' अशा जोड्यांनी त्याची सुरुवात होते आणि त्या स्तरावर ही पद्धत उपयुक्तही ठरते. खरी अडचण पुढे येते. सुट्या शब्दांच्या जागी वाक्प्रयोग येतात, पण जोड्या लावण्याची रीत मात्र तीच राहते. 'सेट ऑफ' म्हणजे निघणे, तेव्हा त्याचा विरुद्धार्थ 'सेट ऑन' असला पाहिजे, असा तर्क एखादा विद्यार्थी करतो. 'सेट ऑन'चा अर्थ अंगावर धावून जाणे, हल्ला करणे असा असल्याने त्याच्या उत्तराखाली लाल रेघ ओढली जाते. परंतु त्याचा तर्क नेमका कोठे फसला, हे त्याला क्वचितच सांगितले जाते.

ही अडचण केवळ आपल्या विद्यार्थ्यांची आहे असेही नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला अव्यय जोडून होणाऱ्या या प्रयोगांचा स्वतंत्र उल्लेख केला असून परकीयांना सर्वांत अधिक अडचण येते ती येथेच, असे नोंदवले आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला आरंभ करणे आणि 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणे असे अर्थ आढळतात. आज 'टेक ऑफ' म्हटले की विमानाचे उड्डाण आठवते. जॉन्सन यांच्या काळी विमान नव्हतेच. या प्रयोगांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मिळाले ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या ग्रंथातून. म्हणजे नाव अलीकडचे असले तरी दुखणे जुने आहे. निघणे व सोडणे या अर्थक्षेत्रात ते अधिक तीव्रतेने जाणवते, म्हणून प्रस्तुत विवेचन त्या क्षेत्रापुरते मर्यादित ठेवले आहे.

विरोधाच्या कल्पनेचा मागोवा

विरुद्धार्थांची मांडणी समोरासमोरच्या दोन स्तंभांत करण्याची पद्धत रूढ करण्यात पीटर मार्क रोजे यांच्या १८५२ सालच्या 'थिसॉरस'चा वाटा मोठा आहे. रोजे व्यवसायाने वैद्य होते आणि वर्गीकरण हा त्यांच्या विचारपद्धतीचा भाग होता. आगमन आणि प्रस्थान या कल्पनाही त्यांच्या कोशात जोडीने येतात. मात्र रोजे यांनी समोरासमोर ठेवल्या त्या कल्पना होत्या, आणि प्रत्येक कल्पनेखाली अनेक शब्द व वाक्प्रयोग गोळा केले होते. पुढील काळातील यादीकारांनी त्यांचे स्तंभ उचलले, कल्पना मात्र वगळली. त्यामुळे एका शब्दासमोर एक शब्द अशी मांडणी उरली.

विसाव्या शतकातील अर्थविज्ञानाने विरोधाचे प्रकार वेगळे करून दाखवले. जॉन लायन्स यांनी 'सिमँटिक्स' (१९७७) या ग्रंथात केलेले विवेचन येथे उपयोगी पडते. 'हॉट' आणि 'कोल्ड' यांच्यात मधल्या पायऱ्या असतात. हा प्रमाणसापेक्ष विरोध होय. 'अलाइव्ह' आणि 'डेड' यांच्यात मधली पायरी नाही. हा पूरक विरोध होय. 'बाय' आणि 'सेल' यांत व्यवहार एकच असतो, फक्त एकदा तो घेणाऱ्याच्या व एकदा विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला असतो. हा परस्परसापेक्ष विरोध होय. 'कम' आणि 'गो', 'अराइव्ह' आणि 'डिपार्ट' यांतील विरोध दिशेचा आहे. डी. ए. क्रूज यांनी 'लेक्सिकल सिमँटिक्स' (१९८६) मध्ये एक कृती दुसरीला उलटवते अशा विरोधाची चर्चा केली आहे. प्रवासाची बॅग भरणे आणि ती रिकामी करणे, म्हणजे 'पॅक' आणि 'अनपॅक', हे त्याचे सोपे उदाहरण म्हणता येईल.

दिशात्मक विरोधाला आणखी एक परिमाण आहे. चार्ल्स फिलमोर यांनी १९७१ साली सांताक्रूझ येथे दिलेल्या व्याख्यानांत 'कम' आणि 'गो' यांचा अर्थ बोलणारा कोठे आहे व ऐकणारा कोठे आहे यावर अवलंबून असतो, हे सविस्तर दाखवले. दूरध्वनीवर आपण 'उद्या मी तुमच्याकडे येतो' असे म्हणतो. प्रत्यक्षात आपण आपल्या जागेवरून जाणार असतो, पण ऐकणाऱ्याच्या जागेवरून पाहिले असता ते येणे ठरते. एकच हालचाल, दोन क्रियापदे. हालचालीच्या शब्दांचा विरोध पाहणाऱ्याच्या जागेशी बांधलेला असतो, हा मुद्दा पुढील विवेचनाचा पाया आहे.

एक क्रियापद, तीन विरोध

'लीव्ह' या क्रियापदाचा विरुद्धार्थ कोणता, असा प्रश्न विचारल्यास बहुतेक जण 'अराइव्ह' असे उत्तर देतील. पुढील तीन वाक्ये पाहू. 'द ट्रेन लीव्ह्ज अॅट सिक्स' या वाक्यात गाडी स्थानकातून सुटण्याची वेळ सांगितली आहे. येथे भर ठिकाणावर आहे आणि विरुद्धार्थ 'अराइव्ह' हाच आहे. 'प्लीज डोन्ट लीव्ह' या विनवणीत भर जाणाऱ्या व्यक्तीवर आहे. येथे 'अराइव्ह' निरर्थक ठरते. विरुद्धार्थ 'स्टे' असा होतो. 'लीव्ह द की ऑन द टेबल' या वाक्यात भर मागे राहणाऱ्या वस्तूवर आहे. किल्ली टेबलावरच राहू दे, असा त्याचा अर्थ. त्यामुळे विरुद्धार्थ 'टेक', म्हणजे बरोबर घेऊन जा, असा होतो. मराठीत हीच वाक्ये सांगताना आपण अनुक्रमे 'सुटणे', 'जाणे' आणि 'ठेवणे' अशी तीन निराळी क्रियापदे वापरतो. इंग्रजीने एका शब्दात बांधलेले तीन अर्थ मराठी मुळातच सुटे करून ठेवते.

'लीव्ह'ची व्युत्पत्ती या तिसऱ्या अर्थाला दुजोरा देते. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ मागे ठेवणे, राहू देणे असा होता. राहणे या अर्थाचे जर्मन क्रियापद 'ब्लाइबेन' हे त्याच धातुकुलातले आहे. जर्मनमध्ये ज्या मुळापासून 'राहणे' आले, त्याच मुळाच्या प्रयोजक रूपापासून इंग्रजीत 'लीव्ह' आले. मागे काहीतरी ठेवून जाणे यातून ठिकाणच मागे ठेवणे, आणि पुढे मध्ययुगीन इंग्रजीत निघून जाणे, असा अर्थविस्तार झाला. आज आपण ज्याला मुख्य अर्थ समजतो तो प्रत्यक्षात नंतरचा आहे. मागे काय राहिले, हा या शब्दाचा मूळ प्रश्न आहे.

हा इतिहास ध्यानात घेतला की 'लेफ्ट' या रूपाचे कोडे उलगडते. दहा जणांच्या गटाविषयी 'थ्री लेफ्ट' म्हटले तर तिघे गेले, आणि 'थ्री आर लेफ्ट' म्हटले तर तिघे उरले. पहिल्या वाक्यात सात शिल्लक आहेत, दुसऱ्यात तीन. एका साहाय्यक क्रियापदाने संख्या आणि अर्थ दोन्ही उलटले. विद्यार्थ्याला हा नियमाचा जुलूम वाटतो. वास्तविक जाणे आणि उरणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत आणि 'लीव्ह'मध्ये त्या दोन्ही अद्याप नांदत आहेत.

असाच प्रकार 'फॉर' या शब्दयोगी अव्ययाबाबत घडतो. 'ही लेफ्ट पुणे' म्हणजे तो पुण्याहून निघाला. 'ही लेफ्ट फॉर पुणे' म्हणजे तो पुण्याला निघाला. मराठीत हा भेद '-हून' आणि '-ला' हे प्रत्यय करतात आणि तो कानाला लगेच जाणवतो. इंग्रजीत 'फॉर' गाळले की प्रवासाची दिशाच फिरते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या लेखनात ही चूक आढळते तेव्हा त्याला अर्थ ठाऊक असतो. प्रत्ययाचे काम इंग्रजीत कोण करते, हे ठाऊक नसते. 'लीव्ह फॉर'चा विरुद्धार्थ पाठ करून घेण्यापेक्षा विभक्तीशी घातलेली ही सांगड अधिक उपयोगाची आहे.

'लीव्ह'पासून होणारे अन्य प्रयोगही याच त्रिविध चौकटीत बसतात. 'लीव्ह बिहाइंड'मध्ये वस्तू वा व्यक्ती मागे राहते, म्हणून विरोध बरोबर नेण्याशी. 'लीव्ह आउट' म्हणजे वगळणे, म्हणून विरोध समाविष्ट करण्याशी. 'लीव्ह ऑफ' म्हणजे चालू काम थांबवणे, म्हणून विरोध ते चालू ठेवण्याशी. 'लीव्ह अलोन' म्हणजे त्रास न देणे, म्हणून विरोध छेडण्याशी. एखाद्याला संकटात टाकून जाणे या अर्थाच्या 'लीव्ह इन द लर्च'मधील 'लर्च' हा शब्द एका जुन्या फ्रेंच पटखेळातून आला असून, प्रतिस्पर्ध्याच्या फार मागे पडण्याची स्थिती त्यातून सूचित होते. त्याचा विरुद्धार्थ 'स्टँड बाय', म्हणजे पाठीशी उभे राहणे. या सर्व विरुद्धार्थांत 'अराइव्ह' एकदाही येत नाही.

दुसरा 'लीव्ह' : रजा आणि निरोप

'टेक लीव्ह', 'ऑन लीव्ह', 'अॅबसेंट विदाउट लीव्ह' या प्रयोगांतील 'लीव्ह' हे नाम आहे. वर पाहिलेल्या क्रियापदाशी त्याचा उगमाचा संबंध नाही. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ परवानगी असा होता. सुट्टी या अर्थाचा जर्मन शब्द 'उर्लाउब' हाही परवानगीच्या त्याच कल्पनेतून आलेला आहे. म्हणून 'टेक लीव्ह' याचा मूळ अर्थ जाण्याची अनुज्ञा घेणे, आणि 'अॅबसेंट विदाउट लीव्ह' म्हणजे अनुज्ञेशिवाय अनुपस्थित असणे.

मराठी वाचकाला हे सहज पटावे, कारण आपल्या 'रजा' शब्दाची वाटचाल तशीच आहे. अरबीतील संमती या अर्थाचा शब्द मराठीत आला. त्यातून कामावरील सुट्टी हा अर्थ रूढ झाला आणि 'आता रजा घेतो' या प्रयोगात निरोपाचा अर्थही टिकला. 'निरोप' शब्दही असाच आहे. जुन्या मराठीत तो आज्ञा, अनुज्ञा या अर्थाने येतो; आज त्याचे संदेश आणि पाठवणी असे दोन अर्थ आहेत. दोन्ही भाषांत जाणाऱ्याने आधी कोणाची तरी संमती घ्यावी, ही सामाजिक अपेक्षा शब्दात साठून राहिली आहे. या 'लीव्ह'चा विरुद्धार्थ म्हणूनच सेवेत परतण्याशी जोडावा लागतो. मराठी कार्यालयीन भाषेत 'रजेवर जाणे' याच्या समोर 'रुजू होणे' येते, तसे इंग्रजीत 'रिझ्यूम ड्यूटी' येते.

परवानगीची ही अपेक्षा मोडणाऱ्यासाठी इंग्रजीत 'फ्रेंच लीव्ह' हा अठराव्या शतकापासूनचा प्रयोग आहे. न सांगता निघून जाण्याला इंग्रजांनी फ्रेंचांचे नाव दिले. फ्रेंचांनी मात्र त्याच वर्तनाला इंग्रजी पद्धतीने सटकणे असे म्हटले. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांवर ढकललेला हा दोष आहे. मराठीत 'दांडी मारणे' आणि 'काढता पाय घेणे' हे प्रयोग त्याच्या जवळपास जातात, पण त्यांत परक्या देशाचा उल्लेख नाही. त्यामुळे भाषांतरात अर्थ येतो आणि टोमणा हरवतो.

अव्यय बदलल्याने विरोध साधतो काय?

आता फ्रेझल व्हर्बकडे वळू. क्रियापद तेच ठेवून 'आउट'च्या जागी 'इन' किंवा 'ऑफ'च्या जागी 'ऑन' घातले की विरुद्धार्थ तयार होतो, अशी समजूत व्यापक आहे. ती पूर्णतः चुकीची नाही. 'मूव्ह आउट' आणि 'मूव्ह इन', 'चेक आउट' आणि 'चेक इन', 'लॉग आउट' आणि 'लॉग इन', 'गेट ऑफ' आणि 'गेट ऑन' या खऱ्या विरुद्धार्थी जोड्या आहेत. या सर्वांत अव्ययाचा स्थलवाचक अर्थ जिवंत आहे. घर, हॉटेल, संगणकप्रणाली यांना आत आणि बाहेर आहे. बसला चढण्याउतरण्याची पातळी आहे. म्हणूनच बस किंवा आगगाडीसाठी 'गेट ऑन' व 'गेट ऑफ' आणि मोटारीसाठी 'गेट इन' व 'गेट आउट' असा भेद इंग्रजी करते.

दुसऱ्या गटात जोडी दिसते, पण विरोध नसतो. 'ड्रॉप आउट' म्हणजे शिक्षण अर्धवट सोडणे. 'ड्रॉप इन' म्हणजे सहज भेटीला डोकावणे. 'वॉक आउट' म्हणजे सभात्याग. 'वॉक-इन' मुलाखत म्हणजे आगाऊ वेळ न ठरवता थेट उपस्थित राहण्याची मुलाखत. 'सेट आउट' म्हणजे प्रवासास निघणे. 'सेट इन' म्हणजे पावसासारखी एखादी स्थिती येऊन स्थिरावणे. 'टर्न अप' म्हणजे येऊन पोहोचणे. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे. मात्र रेडिओच्या आवाजाबाबत 'टर्न अप' आणि 'टर्न डाउन' खरे विरोधी आहेत, कारण तेथे वर आणि खाली हे पातळीचे अर्थ शाबूत आहेत. यावरून एक साधी कसोटी हाती येते : अव्ययाचा स्थलवाचक अर्थ वाक्यात जिवंत असेल तर अव्यय बदलून विरोध साधण्याची शक्यता असते, तो अर्थ गोठून संपूर्ण प्रयोगाचा नवा अर्थ झाला असेल तर विरुद्धार्थ अन्यत्र शोधावा लागतो.

तिसऱ्या गटात एका प्रयोगाला संदर्भानुसार भिन्न विरुद्धार्थ असतात. 'टेक ऑफ' विमानाबाबत वापरले तर विरुद्धार्थ 'लँड'; कोटाबाबत वापरले तर 'पुट ऑन'. 'लेट गो' म्हणजे हातातली पकड सोडणे असेल तर विरुद्धार्थ 'होल्ड ऑन'. कर्मचाऱ्याला कामावरून कमी करणे असेल तर 'हायर' किंवा 'टेक ऑन'.

चौथा गट सर्वांत बोधक आहे. येथे एकाच प्रयोगाच्या पोटात परस्परविरोधी छटा आढळतात. 'सी ऑफ' म्हणजे प्रेमाने स्थानकापर्यंत पोहोचवायला जाणे, आणि प्रतिस्पर्ध्याला हुसकावून लावणेही. आपल्या महाविद्यालयांत 'सेंड-ऑफ' म्हणजे निरोपसमारंभ. फुटबॉलच्या मैदानावर 'सेंड ऑफ' म्हणजे खेळाडूची हकालपट्टी. 'गो ऑफ' दिव्याबाबत विझणे, तर घड्याळाच्या गजराबाबत वाजू लागणे. 'स्टँड बाय' म्हणजे पाठीशी उभे राहणे, आणि काहीही न करता नुसते पाहत राहणेही. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा देणे. मध्ये संयोगचिन्ह घालून लिहिलेले 'री-साइन' म्हणजे करारावर पुन्हा स्वाक्षरी करून राहणे. अशा प्रयोगांचा विरुद्धार्थ वाक्याविना विचारणे म्हणजे उत्तर नसलेला प्रश्न विचारणे होय.

मराठीचा दाखला

वाक्प्रयोगाचा एक शब्द बदलून त्याचा विरुद्धार्थ मिळत नाही, हे विद्यार्थ्याला पटवण्यासाठी इंग्रजीपर्यंत जाण्याची गरज नाही. 'गाशा गुंडाळणे' म्हणजे सर्व आवरून निघणे. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे आच्छादन. याचा विरुद्धार्थ 'गाशा पसरणे' असा कोणी सांगणार नाही. तो 'बस्तान बसवणे' असा आहे आणि दोन्ही प्रयोगांत एकही शब्द समान नाही. 'उपास धरणे' आणि 'उपास सोडणे', 'हात धरणे' आणि 'हात सोडणे' या खऱ्या जोड्या आहेत. परंतु हक्क टाकणे या अर्थाच्या 'पाणी सोडणे' या प्रयोगाला 'पाणी धरणे' हा विरुद्धार्थ नाही. येथेही वरील कसोटीच लागू पडते. हातात धरण्याचा अर्थ जिवंत आहे तोवर जोडी जमते. पाणी सोडण्याचा विधी गोठून वाक्प्रचार झाला की जमत नाही.

जाण्याविषयी मराठीत एक संकोचही आहे. घराबाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची आपली रीत आहे. दुकान बंद करण्याला 'दुकान वाढवणे' आणि बांगडी फुटण्याला 'बांगडी वाढवणे' म्हणणे त्याच मनोवृत्तीतून आले. शब्दकोशात 'येणे' हा 'जाणे'चा विरुद्धार्थ असला, तरी उंबरठ्यावर तोच त्याचा पर्याय होतो. इंग्रजीतील 'सी यू' या निरोपातही विरहाऐवजी पुढील भेटीचा उल्लेख असतो. निरोपाच्या क्षणी समाज विरुद्धार्थी शब्दाचा आश्रय का घेतो, याचे उत्तर शब्दांच्या यादीत मिळणार नाही.

मागे राहणाऱ्याची बाजू

'फेअरवेल' आणि 'गुडबाय' हे आज समानार्थी समजले जातात. 'फेअरवेल'मधील 'फेअर' म्हणजे प्रवास करणे. प्रवासभाड्यासाठी आपण वापरतो तो 'फेअर' त्याच कुळातला. तेव्हा 'फेअरवेल' म्हणजे तुझा प्रवास सुखाचा होवो, हे मागे राहणाऱ्याने जाणाऱ्याला दिलेले आशीर्वचन होते. ईश्वर तुमच्यासोबत असो, या अर्थाच्या वाक्याचा सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून संक्षेप होत जाऊन 'गुडबाय' तयार झाला, आणि हे आशीर्वचन जाणारा मागे राहणाऱ्यालाही देऊ शकत होता. 'वेलकम' हा 'फेअरवेल'चा विरुद्धार्थ यजमानाच्या बाजूने शोभतो, कारण दोन्ही शब्द दारात उभ्या असलेल्याचे आहेत.

'डिपार्ट' या शब्दाचा प्रवासही लक्षणीय आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ विभागणे, वेगळे करणे असा होता. १५४९ सालच्या इंग्लंडच्या प्रार्थनाग्रंथातील विवाहप्रतिज्ञेत तो मृत्यूने पतिपत्नींना वेगळे करणे या अर्थाने आला होता. पुढे निघून जाणे हाच अर्थ प्रबळ झाल्याने १६६२ च्या आवृत्तीत त्याच्या जागी 'पार्ट' हे क्रियापद योजावे लागले. जो शब्द दोघांविषयी बोलत होता तो केवळ जाणाऱ्याविषयी बोलू लागला. 'लीव्ह'प्रमाणेच येथेही मागे राहणारा अर्थाबाहेर सरकला.

मृत्युवार्तेच्या भाषेत मात्र दोन्ही बाजू आजही दिसतात. मृत व्यक्ती मागे पत्नी व मुले 'लीव्ह्ज बिहाइंड' असे एक वृत्त लिहिते. 'इज सर्व्हाइव्ह्ड बाय' असे दुसरे लिहिते. पहिल्यात कर्ता गेलेला आहे, दुसऱ्यात क्रिया उरलेल्यांची आहे. लायन्स यांच्या परिभाषेतील 'बाय' आणि 'सेल' यांच्यासारखा हा परस्परसापेक्ष विरोध होय. मराठीत 'त्यांच्या पश्चात' हा एक शब्दप्रयोग दोन्ही बाजूंचे काम करतो.

विरुद्धार्थ निवडणे म्हणजे बाजू निवडणे

हा प्रश्न केवळ भाषिक बारकाव्याचा राहत नाही, हे शिक्षणक्षेत्रातीलच एका शब्दावरून दाखवता येईल. 'ड्रॉप आउट' या प्रयोगाचा कर्ता विद्यार्थी असतो. त्याने शिक्षण सोडले, असे ते वाक्य म्हणते. आपला मराठी पारिभाषिक शब्द 'गळती' असा आहे. गळते ते भांडे. दोष असल्यास भांड्याचा. एकाच वस्तुस्थितीचे दोन भाषांनी केलेले हे दोन निवाडे आहेत. विद्यार्थ्याच्या बाजूने 'ड्रॉप आउट'चा विरुद्धार्थ शिक्षण चालू ठेवणे असा होतो. संस्थेच्या बाजूने तो विद्यार्थ्याला टिकवून धरणे, म्हणजे 'रिटेन' करणे असा होतो. पहिला विरुद्धार्थ स्वीकारला की उपाय विद्यार्थ्याच्या जिद्दीत शोधले जातात. दुसरा स्वीकारला की वसतिगृह, शुल्क, वेळापत्रक आणि आपले अध्यापन यांत शोधावे लागतात. या प्रक्रियेला विद्यार्थी बाहेर ढकलला जाणे, म्हणजे 'पुश आउट' म्हणावे, असा आग्रह काही शिक्षण-अभ्यासकांनी धरला आहे तो यासाठीच.

नोकरीच्या क्षेत्रातही हेच दिसते. 'ही लेफ्ट' आणि 'ही वॉज लेट गो' ही दोन्ही वाक्ये रिकाम्या झालेल्या त्याच खुर्चीविषयी आहेत. पहिल्यात निर्णय कर्मचाऱ्याचा आहे. दुसऱ्यात मालकाचा आहे, आणि तो सौम्य शब्दांत झाकलेला आहे. जो विद्यार्थी या दोन वाक्यांतील भेद ओळखू शकत नाही, तो उद्या आपल्या सेवासमाप्तीचे पत्रही नीट वाचू शकणार नाही.

अध्यापन आणि मूल्यमापन

वरील विवेचनाच्या प्रकाशात प्रश्नपत्रिकेतील 'खालील वाक्प्रयोगांचे विरुद्धार्थ लिहा' या स्वरूपाचा प्रश्न सदोष ठरतो. समजा, 'टेक ऑफ' दिले असून आदर्श उत्तरात 'लँड' आहे. एखाद्याने 'पुट ऑन' लिहिले तर त्याचा गुण जातो. त्याचे उत्तर एका अर्थाने निर्दोष असते. अपुरा असतो तो प्रश्न. ज्या विद्यार्थ्याने मार्गदर्शिका पाठ केली त्याला गुण मिळतो आणि ज्याने भाषा वाचली त्याचा जातो, ही बाब मूल्यमापनाच्या मूळ हेतूलाच छेद देणारी आहे.

यादीच्या बाजूने एक युक्तिवाद संभवतो. मोठ्या वर्गात, मर्यादित तासिकांत आणि केंद्रीय मूल्यमापनात निश्चित उत्तर असलेले प्रश्न सोयीचे असतात. ही अडचण खरी आहे. परंतु निश्चित उत्तरासाठी संदर्भ काढून टाकण्याची गरज नाही. उलट संदर्भ दिला तरच उत्तर निश्चित होते. 'द प्लेन टुक ऑफ अॅट नून' हे पूर्ण वाक्य देऊन अधोरेखित प्रयोगाचा विरुद्धार्थ योजून वाक्य पुन्हा लिहा, असे विचारल्यास उत्तर एकच येते आणि तपासणीला अधिक वेळही लागत नाही.

या अनुषंगाने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. विरुद्धार्थाचा प्रश्न सुट्या वाक्प्रयोगावर न विचारता पूर्ण वाक्यावर विचारावा.

२. निघण्याच्या प्रयोगांचे अध्यापन करताना कोण गेले, कोठून गेले आणि मागे काय राहिले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांकडून प्रत्येक वाक्याला विचारून घ्यावेत.

३. अव्यय बदलून तयार होणाऱ्या जोड्या शिकवताना अव्ययाचा स्थलवाचक अर्थ जिवंत आहे की गोठलेला, याची चाचणी वर्गातच करावी.

४. विभक्तिप्रत्यय आणि मराठी वाक्प्रचार यांचे विद्यार्थ्याला असलेले ज्ञान इंग्रजीच्या वर्गात अडथळा न मानता आधार मानावे.

५. एका प्रश्नाला एकाहून अधिक ग्राह्य उत्तरे असल्यास ती सर्व आदर्श उत्तरपत्रिकेत नोंदवावीत.

समारोप

'लीव्ह' हे क्रियापद मुळात मागे उरणाऱ्याविषयी बोलत होते. कालौघात ते जाणाऱ्याविषयी बोलू लागले, आणि आज दोन्ही अर्थ एकाच रूपात वावरत आहेत. त्याचा विरुद्धार्थ येणे, राहणे की बरोबर नेणे, हे कोशाच्या स्तंभातून ठरत नाही. वाक्यात कोणाच्या बाजूने पाहिले आहे, यावरून ठरते. हीच गोष्ट निरोपाच्या शब्दांना, मृत्युवार्तेला, राजीनाम्याला आणि विद्यार्थ्यांच्या गळतीला लागू आहे. विरुद्धार्थ शिकवणे म्हणजे घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहायला शिकवणे, असे मानले तर भाषेच्या अभ्यासक्रमातील हा दुर्लक्षित घटक विचारशिक्षणाचे महत्त्वाचे साधन ठरू शकेल. त्यासाठी जोड्यांची यादी बाजूला ठेवून वाक्यापासून सुरुवात करणे एवढेच अपेक्षित आहे.